पोस्टरवरचं भूत आणि मे महिन्यातला कूलर

विदर्भात भुताच्या सिनेमांची पोस्टरं उधईनं जेवढी खाल्ली नसतील तेवढी कूलरनं खाल्ली आहेत. हिशेब साधा आहे. मे महिन्यात दुपारी बाहेरची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. त्या हवेत कागद पापडासारखा कडक होतो, पण सडत नाही. सडतो तो घरात, जिथे डेझर्ट कूलर रात्रंदिवस ओली हवा फेकत असतो आणि ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद असतात. खोलीतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच टिकली की बुरशीला दुसरं काही लागत नाही. पावसाळ्यात सगळे सावध असतात, मे महिन्यात कोणीच नसतं. म्हणून संग्रहाची पेटी कूलरच्या खोलीत नको. टिनाखालच्या माळ्यावर नको, कारण तिथे कागद भाजतो. कवेलूखाली तर नकोच; एक कवेलू सरकलं की पहिल्या पावसात खेळ खलास. घरातली मधली, अंधारी, बिनकूलरची खोली ही पोस्टरांची खोली. एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक आणा आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहतो का ते बघा.

आता एवढा खटाटोप कशासाठी? हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचे सिनेमे मोठ्या शहरांतल्या पॉश थिएटरांवर जगले नाहीत, ते जगले तालुक्याच्या टॉकीजवर. ‘दो गज ज़मीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा, ‘बंद दरवाजा’ १९९० चा. पण आपल्याकडे यांची पोस्टरं त्या-त्या वर्षी एकदाच लागली असं नाही. सी. पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे अमरावतीच्या वितरकांच्या हाताखालच्या गावांत, भुताचा सिनेमा पुन्हा पुन्हा फिरायचा. मोठ्या नटाचा नवा सिनेमा मिळाला नाही की टॉकीजवाला जुनं भूत मागवायचा. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमसारख्या यात्रेत तंबूतल्या टूरिंग टॉकीजचा जमाना होता, तेव्हा रात्रीच्या खेळाला असला माल हमखास चाले. त्यामुळे माल इथे आहे. बंद पडलेल्या टॉकीजच्या तिकीटखिडकीमागे आहे, रद्दीवाल्याकडे आहे, जुन्या पेंटरच्या माडीवर आहे, पानठेल्याच्या फळीमागे आहे. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर जे निवडून, स्वच्छ होऊन मिळतं ते इथे मळलेलं आणि घड्या पडलेलं मिळतं. मला विचाराल तर मळलेलंच घ्या.

कारण आहे पट्टी. मुंबईत छापलेल्या पोस्टरच्या खाली टॉकीजवाला एक वेगळा अरुंद कागद चिकटवायचा: टॉकीजचं नाव, गाव, वार, ‘रोज ३ खेळ’. गावच्या छापखान्यात एका रंगात, बहुतेक लाल किंवा निळ्यात छापलेला. शहरातले विक्रेते ही पट्टी काढून टाकतात, कारण गिऱ्हाईकाला ‘कोरं’ पोस्टर हवं असतं. ही चूक करू नका. बिनपट्टीचं पोस्टर देशात इतरत्रही सापडेल. अमुक गावात तमुक शुक्रवारी हे भूत लागलं होतं एवढं फक्त पट्टीला माहीत असतं. तीच गोष्ट पाठीमागच्या रबरी शिक्क्याची आणि फोटोसेटच्या, म्हणजे टॉकीजबाहेर लावायच्या सिनेमातल्या फोटोंच्या, कोपऱ्यांतल्या टाचणीच्या भोकांची. भोकं बुजवायची नसतात.

अस्सल की नक्कल, हे बघायला १० पटीचं भिंग पुरतं. ऑफसेटच्या छपाईत चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गोल रचनेत बसलेले दिसतात. इंकजेटवर काढलेल्या नकलेत बारीक शिंतोडे अस्ताव्यस्त पडलेले असतात. दुसरी खूण बोटाची. जुनी पोस्टरं घडी घालूनच पार्सलने यायची, त्यामुळे घडी असणारच. नकलेत घडीची रेघ डोळ्याला दिसते आणि बोटाला लागत नाही, कारण ती मूळ पोस्टरवरून फोटोत आलेली असते. माप बघा: नेहमीचं पोस्टर साधारण ३० × ४० इंच. १२ × १८ किंवा १८ × २४ चं ‘ओरिजिनल’ कोणी दाखवलं तर हसून पुढे चला. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च काहीजण वापरतात. आजचा कागद तिच्याखाली निळसर पांढरा चमकतो. पण ऐंशीच्या दशकातल्या काही कागदांतही ती चमक देणारी रसायनं होती, म्हणून एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नका.

पहिली छपाई की पुनःप्रदर्शनाची, हा त्याहून अवघड प्रश्न. खालच्या कडेची छापखान्याची बारीक ओळ वाचा. सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १९७२ नंतरची, कारण पिनकोड सुरूच झाला त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. पत्त्यात इंग्रजीत ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर बहुधा १९९५ नंतरची, मग सिनेमा १९८४ चा का असेना. पुनःप्रदर्शनाचं म्हणून टाकाऊ समजू नका, फक्त पहिल्या छपाईचा भाव देऊ नका.

घडी घातलेलं पोस्टर हातात आलं की लगेच उघडायची घाई सगळ्यांना असते. एप्रिल-मेच्या दुपारी तर ते अजिबात करू नका. कोरडा कागद घडीवर काडकन तुटतो आणि जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे चौकोनी तुकडाच निसटतो. उघडायचं, दुरुस्त करायचं काम कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत. त्याआधी उघडणं भागच असेल तर झाकणाच्या प्लास्टिक टबात तळाला ओलं पिळलेलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर पोस्टर, आणि झाकण लावून २ ते ४ तास. कागद मऊ झाला की टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर काच आणि सारखं वजन, किमान २४ तास.

भिंतीवरून निघालेला माल म्हणजे थरांची वडी. एकावर एक डकवलेली सात-आठ पोस्टरं, वर चुना, तळाला पोपडा, आणि खालच्या हातभर भागावर तंबाखू-खर्र्याच्या पिचकाऱ्या. (पिचकारीचा डाग जात नाही. घासत बसू नका.) वडी सोडवण्याआधी प्रत्येक रंगावर कापसाचा ओला बोळा अर्धा मिनिट दाबून बघा. ऑफसेटची शाई तेलाची असते, ती सहसा हलत नाही. हलतो तो पट्टीचा स्वस्त लाल रंग, शिक्का आणि पेनची शाई. बोळा रंगला तर पाण्यात बुडवणं तिथेच थांबवा.

पाणी कुठलं, हेही ठरवावं लागतं. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर कागदावर पांढरा क्षार फुटतो, आणि लोह असलेल्या पाण्याने तांबूस डाग पडतात. आरओचा एक जार आणा. पोस्टराहून मोठा उथळ ट्रे नसेल तर विटांची चौकट करून त्यावर जाड प्लास्टिक अंथरा. वडीखाली मच्छरदाणीची नायलॉन जाळी हवीच, कारण ओलं पोस्टर स्वतःचं वजन पेलत नाही. उचलायचं ते जाळीसकट. पाणी कोमट, वेळ २० ते ४० मिनिटं. मग वरचं हवं असेल तर वडी पालथी करून मागचे थर काढा. ओढायचा तो नको असलेला कागद, हवा असलेला नाही, आणि वर उचलून नाही तर जवळजवळ आडवा, मागे वळवत. अडलं की आणखी दहा मिनिटं भिजू द्या.

फाटलेलं जोडायला सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन हे तिन्ही वर्ज्य. टेपचा डिंक पाच-दहा वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन परत निघत नाही. हवी ती गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि ती इथल्या प्रत्येक घरात अर्धी तयार असते: कुरडयांचा चीक. मैद्याच्या लईत आणि चिकात फरक एवढाच की मैद्यात चिकट प्रथिन राहतं. तेच पुढे पिवळं पडतं आणि कसरीला बोलावतं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला चीक काढतात, तेव्हा दोन वाट्या बाजूला मागून घ्या. मीठ-हिंग पडायच्या आधी. तो आणखी तीन-चार पाण्यांत धुवा. दरवेळी निवळू द्यायचा आणि वरचं पाणी ओतायचं. मग कापडावर पसरून उन्हात कडकडीत वाळवा, बरणीत भरा. उन्हाळ्यातला हा चीक हिवाळ्यातल्या दुरुस्तीला पुरतो.

खळ करताना कोरडा चीक २ चमचे, पाणी ८ चमचे. तासभर भिजवा. मंद आचेवर, एकाच दिशेने न थांबता ढवळत २५-३० मिनिटं. आधी दूध, मग दही, मग अचानक गोळा, आणि शेवटी पांढरेपणा जाऊन काचेसारखी चमक येते. ती चमक आली की शिजली. चमक यायच्या आधी उतरवली तर जोड वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. गार करून मलमलीतून दोनदा गाळा, लागेल तसं पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. आंबट वास आला की फेकून द्या. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडीला मारायला. तुम्ही घालू नका. मोरचुदातलं तांबं कागदाचं तंतूबळ संपवतं. कीड मरते आणि कागदही.

जोडाला जपानी टिश्यू कागद लागतो, तो ऑनलाइन मिळतो. पतंगाचा कागद चालणार नाही, त्याचा रंग उतरतो. टिश्यू कात्रीने कापू नका; ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेला केसासारखे तंतू सुटतात आणि तेच धरून ठेवतात. टिश्यूची पट्टी फाटलेल्या जागेहून दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर जास्त, नेहमी मागच्या बाजूने. वर पॉलिएस्टरचं स्वच्छ कापड, टीपकागद, काच, वजन. टीपकागद १५ मिनिटांनी बदला, पुन्हा तासाने बदला, मग रात्रभर हात लावू नका. गेलेला तुकडा रंगवून भरायचा मोह होतो, विशेषतः भुताच्या चेहऱ्यावरचा. तो आवरा.

ठेवायला लोखंडी पेटी चांगली, पण विटांवर, आणि भिंतीपासून वीतभर दूर. उधई भिंतीवरून मातीची नळी बांधत येते. अंतर असलं की नळी डोळ्यांना दिसते. आत नारिंगी सिलिका जेल, तीन फुटी पेटीला पाव किलो. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला लागतं. कडुनिंबाचा पाला थेट कागदावर ठेवला तर डाग पाडतो, कापडी पिशवीत घाला. कसर लागलेला माल प्लास्टिकमध्ये हवाबंद करून आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवता येतो. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. मध्ये लोडशेडिंगने फ्रीझर वितळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. धान्यातल्या सल्फासच्या गोळ्या मात्र पेटीत कधीच नाही. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो.

व्हीएचएस कॅसेटबद्दल थोडक्यात. झाकण उचलून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर व्हीसीआरमध्ये घालायची नाही, ती हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. आधी सिलिकासोबत डब्यात दोन आठवडे सुकवा, मग तोंडाला मास्क बांधून उघड्यावर पुसा. खोल गेली असेल तर तळाचे पाच स्क्रू काढून रिळं चांगल्या खोक्यात घाला. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी ठेवा. व्हिडीओ लायब्ररीचा शिक्का असलेलं मूळ खोकं फेकू नका. ती त्या कॅसेटची पट्टी आहे.

जत्रेतले रबरी मुखवटे इथल्या उन्हात सर्वांत आधी जातात. लॅटेक्स ४५ अंशांत चिकट होतो आणि नंतर तडकतो. टाल्कम पावडर लावा, आत बिनछपाईचा कागद चुरगळून भरा, अंधारात ठेवा. तेल लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

प्रत्येक वस्तूच्या मागे खालच्या कोपऱ्यात एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने: कुठल्या गावात मिळालं, कुठल्या टॉकीजचं, कधी, भिंतीवरून की गोडाऊनमधून. पेन नको, स्टिकर नको. पेटी वर्षातून दोनदा पूर्ण उघडायची: एकदा पोळा झाल्यावर, कोरडं ऊन पडलेल्या सकाळी, आणि एकदा कूलर माळ्यावरून उतरवायच्या आधी.