बाबा पहिल्या पंगतीत बसले

रविवार, रात्री उशिरा

आज बाबा पहिल्या पंगतीत जेवले. एवढंच. कोणी काही बोललं नाही, कोणाला वेगळं वाटलंही नसेल. मी मात्र दुपारपासून तेवढंच धरून बसले आहे.

कार्तिकातलं आवळीभोजन म्हणजे रामटेकच्या शेतावर राखेत भाजलेले कणकेचे रोडगे, आणि रोडगे म्हणजे बाबा. गोवऱ्या तेच रचणार, तेच पेटवणार, त्यांच्याशिवाय कोणी चिमट्याला हात लावायचा नाही. सगळ्यांचं आटोपल्यावर राखेतले उरलेले काढून जेवायला बसणार. आज पहिली खेप निघाली तसा चिमटा माझ्या हातात दिला. "तू पाहून घेजो. मी बसतो आता." आणि खरंच बसले, आवळीखाली, नातवाच्या शेजारी.

थकले का? गुडघे दुखत होते? की मनात काही ठरवून आले होते? आईचा पितळेचा गंज, म्हणजे तिचं पातेलं, तोही या वेळी निघाला नाही घरून. असो.

जेवणं झाल्यावर दादा-वहिनी मुलांना घेऊन खिंडशी तलावावर गेले. "तू आहेस ना इथं," म्हणाले. मी होतेच. दुसरी खेप शेजारच्या धुऱ्यावर भात कापणाऱ्यांसाठी होती, ती टाकून कशी जाणार? रोडगा वरून काळा झाला म्हणजे झाला असं नसतं. आत तेल लावलेल्या पोळीच्या घड्या असतात, त्या कच्च्या राहतात. तडा जाईपर्यंत गरम राखेत दाबून ठेवावा लागतो, आणि तोवर उठता येत नाही. डोळ्यांत धूर, वांग्याची भाजी तळाशी आलेली, वरण गार. सगळे तलावावर आणि मी एकटी राखेपाशी. फार वाईट वाटलं, रडूच आलं. माझ्यासाठी कोणी थांबलं का नाही?

मुलांनी फोटो पाठवले. पाणी, मागे डोंगर, दूर नारिंगी बदकं. चक्रवाक आले असावेत, थंडी लागली की येतात. फोटो पाहता पाहता लक्षात आलं, दरवर्षी आम्ही खिंडशीला जायचो तेव्हा बाबा कुठे असायचे? इथेच. याच जागी. आणि परत आल्यावर आम्ही त्यांना बदकांच्या गोष्टी सांगायचो.

येताना मनसरच्या अलीकडे विचारलंच, "बाबा, थकले का हो?"

"नाही वं. भूक लागली होती." मग थोड्या वेळानं, "तूप टाकून गरम रोडगा किती वर्षांनी खाल्ला. चांगला झाला होता."

माझं समाधान व्हावं म्हणून बोलले असतील का? गुडघ्यांवरून हात फिरत होता त्यांचा, तो मी पाहिला. तरी रोडगा त्यांनी चवीनं खाल्ला, बोटं चाटली, अजून अर्धा मागून घेतला, हेही मीच पाहिलं. दोन्ही खरं असेल.

केसांना अजून धुराचा वास येतो आहे. येऊ दे. पुढच्या कार्तिकात चिमटा मीच घेईन आणि दादालाही सोबत बसवीन, त्यालाही यायला हवं हे. बाबांनी जेवून मुलांबरोबर खिंडशीला जायचं. गोवऱ्या जरा जास्त न्याव्या लागतील. आज शेवटच्या खेपेला निखारे कमी पडले.