आमची वाटचाल: आखाडातला सडा

खाण सुरू होण्याआधी त्या जमिनीवर काय काय उगवतं ते मोजून, ओळखून, लिहून देणं हा आमचा धंदा. कोल्हापुरात दोन खोल्यांचं ऑफिस, माणसं पाच. पाव्हण्यांना अजून वाटतं आम्ही नर्सरी चालवतो.

मी आणि बायको, दोघंही वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. पहिलं काम मिळालं ते घाटमाथ्यावरच्या एका बॉक्साइटच्या सड्याचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराचं. मोठ्या खाणपट्ट्याला पर्यावरण मंजुरी हवी तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे आघात मूल्यांकनाचा अहवाल लागतो. तो सल्लागार कंपनी करते आणि त्यातलं झाडपाल्याचं प्रकरण आमच्यासारख्यांच्या गळ्यात येतं. एप्रिल चालू होता. झाडांसाठी 10 बाय 10 मीटरचे, झुडपांसाठी 5 बाय 5 चे आणि बारीक वनस्पतींसाठी 1 मीटरचे चौकोन आखले. एक मीटरच्या चौकोनात काय, तर वाळकं गवत आणि शेळ्यांच्या लेंड्या. कडेच्या अंजनी, जांभळी मोजल्या आणि बेधडक लिहून दिलं: प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त याच भागात उगवणाऱ्या) वनस्पती आढळल्या नाहीत.

दोरी धरायला धनगरवाड्यावरचे एक मामा होते. ते म्हणाले, "आत्ता काय बघतोस बाबा? आखाडात ये. पाय ठेवाय जागा नसती."

बिल निघाल्यावर, जुलैत, स्वतःच्या खर्चानं गेलो. मामांचं खोटं नव्हतं. बोटभर मातीच्या थरावर सीतेची आसवं या इवल्या फुलांची निळी-जांभळी चादर, मध्ये गेंद या गोंडेदार फुलांचे पांढरे ठिपके, आणि कातळातून पाणी झिरपत होतं तिथं दवबिंदू नावाच्या रोपाची चिकट, लालसर पानं. एका पानावर चिलट अजून वळवळत होतं. मातीत नत्र फारच कमी, म्हणून झाडंच किडे खातात. ज्या जांभ्यामुळे ही मंडळी इथं आहेत, त्याच्याच पोटात बॉक्साइट! मी रेनकोटात उभा राहून स्वतःच्या अहवालातलं ते वाक्य आठवत होतो.

नियमाची गंमत बघा. खाणींच्या ठरावीक कार्यकक्षेत, म्हणजे अहवालात काय काय हवं त्या सरकारी यादीत, एका हंगामाची माहिती मागतात, तीही पावसाळा सोडून. हवेतल्या धुळीसाठी ते बरोबर आहे, पावसात धूळ बसते. पण त्याच वाक्यात वनस्पतीही बसवल्यात. सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं आयुष्यच जून ते ऑक्टोबर.

तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ पक्की: पावसाळ्यातली किमान एक फेरी, नाहीतर काम घेणार नाही. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळतात. पहिली दोन वर्षं तर नगरपालिकांच्या वृक्षगणनेनं तगवलं. 1975 च्या कायद्यानं ती दर पाच वर्षांनी करावी लागते, हे आमचं नशीब.

एका सल्लागारानं आमची पावसाळी यादी काढून कुठल्यातरी किनारी जिल्ह्याची डकवली होती. घाटमाथ्यावर तिवर, खाडीकाठचं झाड! मंजुरीच्या कागदात आमचं नाव तसंच. आता प्रत्येक पानावर सही असते आणि प्रत्येक नोंदीमागे वाळवलेल्या नमुन्याचा नंबर.

नमुने वाळवणं हीच खरी कसोटी. आखाडात कागद सुकत नाही. सीतेची आसवं तर मुक्कामी पोचेपर्यंत मिटून लगदा होतात, म्हणून ती सड्यावरच परातीत पाणी घेऊन कागदावर तरंगवून उचलायची. गेंदाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ठरत नाहीत, बी सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावं लागतं. बायको त्यातली पक्की आहे. मी पेपर बदलतो, दिवसातून दोनदा. मुक्कामाच्या घरी चुलीवर मांडव टांगून त्यात दाबपट्ट्या ठेवतो. घरची आजी म्हणते, "मासं वाळवाय टांगलंस व्हय?"

पहिल्या सड्याचा अर्धा भाग खणून झाला. उकरलेल्या जागी माती परत टाकून ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्यात. अहवालात त्याला हरितपट्टा म्हणतात. उरलेल्या अर्ध्या भागाच्या विस्ताराचं काम यंदा आमच्याकडेच आलंय. पहिली फेरी जुलैत. मामा थकलेत, दोरी धरायला त्यांचा नातू येणार आहे.