आठ बोटांखालून सरकणारा पल्सार

पल्सार म्हणजे गरगर फिरत ठरावीक काळाने रेडिओ लहरींचे स्पंद धाडणारा मृत तारा; विज्ञान प्रदर्शनांत त्याची ‘टकटक’ ऐकवतात. गंमत वाटते, पण त्यात कळतो तो फक्त आवर्तनकाळ. पल्सारपासून आपल्यापर्यंत येताना रेडिओ लहरी ताऱ्यांमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून जातात, आणि वारंवारता जितकी कमी तितक्या त्या जास्त रेंगाळतात. एकच स्पंद ५०० मेगाहर्ट्झला आधी पोचतो, ३२५ला बराच नंतर. ही रेंगाळ कानापेक्षा बोटांना छान कळते. म्हणून प्रदर्शनासाठी ही कंपणारी फळी: आठ बोटं, प्रत्येकाखाली एक अशा आठ वारंवारता, अंगठे मोकळे.

पल्सार निवडताना मोह वेला पल्सारचा होतो, कारण तो प्रसिद्ध. पण तो सेकंदाला ११ वेळा धडकतो आणि त्याच्या एका स्पंदाला ५०० ते ३२५ हे अंतर उतरायला दीड सेकंद लागतो. म्हणजे बोटांखाली एकाच वेळी सतरा स्पंद, नुसता गोंगाट. बी०३२९+५४ घ्या. उत्तर आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ पल्सारांपैकी एक, आवर्तनकाळ ०.७१४५ सेकंद, डिस्पर्शन मेझर (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं एकूण माप) २६.७६. खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा याच भागातला, त्यामुळे विज्ञान दिनाला तिथल्या प्रदर्शनात अँटेना पाहून आलेल्या मुलांना हे आकडे परके वाटू नयेत.

उशिराचं सूत्र सोपं आहे: ४.१५ गुणिले डिस्पर्शन मेझर, भागिले गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा वर्ग, उत्तर मिलिसेकंदांत. ५०० मेगाहर्ट्झ शून्य धरलं तर ४७५, ४५०, ४२५, ४००, ३७५, ३५० आणि ३२५साठी अनुक्रमे ४८, १०४, १७१, २५०, ३४५, ४६२ आणि ६०७ मिलिसेकंद येतात. स्पंद डाव्या करंगळीला झपकन सुरू होतो आणि उजव्या करंगळीकडे जाताना मंदावतो. मग साधारण १०७ मिलिसेकंदांची उसंत, की पुढचा.

बाजारात सहज मिळणाऱ्या गोल मोबाइल मोटरी इथे चालत नाहीत. त्यांना वेग धरायला आणि थांबायलाच कित्येक दहा मिलिसेकंद जातात, आणि सुरुवातीचं ४८चं अंतर पुसलं जातं. एलआरए घ्या, म्हणजे स्प्रिंगवर सरळ रेषेत मागेपुढे हलणारे छोटे कंपक, १७५ हर्ट्झच्या आसपास डोलणारे. ४० मिलिसेकंदांच्या टोल्यात सात आवर्तनं बसतात, तेवढी बोटाला पुरतात. प्रत्येकाला एक डीआरव्ही२६०५एल ड्रायव्हर, म्हणजे कंपक चालवणारी चिप. गोची अशी की या चिपचा आयटूसी (कंट्रोलरशी बोलायच्या दोन तारांच्या जोडणीवरचा) पत्ता एकच आणि न बदलता येणारा, त्यामुळे आठ एकत्र जोडल्या तर आठही एकदम बोलतात. मध्ये टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर, म्हणजे हवी ती चिप निवडून जोडणारा बदलक, हवाच. शिवाय ड्रायव्हर मुळात साध्या मोटरीसाठी लावलेला येतो; सेटिंगमधला एलआरएचा बिट बदलला नाही तर कंपन मरगळलेलं येतं आणि लोक उगाच पॉवर सप्लायला दोष देतात. ऑटो-कॅलिब्रेशन एलआरए जागेवर चिकटवल्यावर करा, टेबलावर सुटा असताना नाही.

कोडमध्ये एकामागून एक डिले (ठरावीक वेळ थांबायच्या आज्ञा) लावू नका. प्रत्येक चिपला आज्ञा पाठवायला लागणारा वेळ त्यात साचत जातो आणि लय सरकते. स्पंदाची सुरुवात मायक्रोसेकंदांच्या घड्याळावर ठेवा आणि आठही वेळा तिथूनच मोजा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते लाकूड. एलआरए थेट फळीवर चिकटवला की अख्खी फळी थरथरते आणि सरकण्याची जाणीव संपते. फळीला २५ मिलिमीटरची भोकं पाडा, त्यात २० मिलिमीटरची पातळ अ‍ॅक्रिलिक चकती मऊ फोमवर तरंगती ठेवा, एलआरए चकतीच्या खालून. जड चकती कंपन गिळते.

शेजारी दुसरं बटण ठेवा: बी१९१९+२१, म्हणजे १९६७ साली जोसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार. आवर्तनकाळ १.३३७ सेकंद, डिस्पर्शन मेझर १२.४४. इथे तोच प्रवास २८२ मिलिसेकंदांत उरकतो आणि नंतर सेकंदभर शांतता. वाटेतले इलेक्ट्रॉन निम्म्याहून कमी आहेत हे आलेख न दाखवता हाताला कळतं, आणि माझ्या मते या मांडणीतली खरी कमाई हीच.

पाटीवर मराठीत आणि ब्रेलमध्ये स्पष्ट लिहा: वेळा आणि क्रम खरे, १७५ हर्ट्झ आणि टोल्याची लांबी आपली निवड, सगळे टोले सारखे ठेवलेत, प्रत्यक्षात स्पंद कमीजास्त ताकदीचे असतात. ‘ताऱ्याचा आवाज’ हे शब्द टाळा.

एकाला ४० सेकंद पुरे, त्यापुढे बोटं बधिरतात. आयटूसीच्या तारा ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. लांबवायच्याच तर ड्रायव्हर ते एलआरए या बाजूच्या. एलआरएच्या केसासारख्या तारा मुळाशी तुटतात, तिथे ग्लू गनचा थेंब द्या आणि प्रदर्शनाला निघताना तारा जोडलेले तीन-चार एलआरए सोबत घ्या.