नोकरी गेल्यावर, पहिला अर्ज करायच्या आधी

कपातीची बातमी पसरली आणि त्याच संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांचे मेसेज सुरू झाले. 'सीव्ही पाठव, आमच्याकडे टाकून बघतो.' भलं वाटलं, पण मी कुणालाच लगेच सीव्ही पाठवला नाही. थोडे दिवस द्या म्हणाले. आपल्यासाठी कुणी शब्द टाकतं ते एकदाच, फार तर दोनदा. तो शब्द अर्धवट कागदावर का खर्च करायचा?

आधी कागदपत्रं. कंपनीचं ईमेल बंद व्हायच्या आत पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, बढतीची पत्रं, वार्षिक मूल्यमापनातले शेरे असं जे जे माझं स्वतःचं होतं ते उतरवून घेतलं. कंपनीच्या फाइलींना मात्र हात लावला नाही. 'नमुना म्हणून असू दे' असं सुचवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. गोपनीयतेचा करार नोकरी संपली तरी बहुधा संपत नाही. अनुभवपत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' हे शब्द असावेत अशी एचआरकडे विनंती केली. त्यांनी फार आढेवेढे न घेता ते घातलेही. नुकसानभरपाईच्या कागदावर सही करण्याआधी तो घरी आणून सावकाश वाचला. कंपनीचा आरोग्य विमा कधी संपतो तेही विचारून ठेवलं. घरखर्चाचा हिशेब मांडून किती महिने तग धरता येईल ते पाहिलं. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त आकडा डोळ्यांसमोर असला की रात्री झोप बरी लागते.

खरं काम पुढे होतं. एक कोरी वही घेतली आणि या नोकरीत मी नेमकं काय काय केलं ते लिहायला बसले. मी पुरवठादारांची बिलं पाहायचे. जुन्या सीव्हीत त्याबद्दल एकच ओळ होती : 'बिलांची पडताळणी व पाठपुरावा करण्याची जबाबदारी.' ही ओळ त्या खुर्चीवर बसणाऱ्या कुणालाही लागू पडली असती. मग स्वतःलाच प्रश्न विचारत गेले. बिलं अडकायची का? कारण बिलावरचा खरेदी ऑर्डरचा नंबर आणि आमच्याकडचा नंबर जुळायचा नाही, आणि हे महिनाअखेरीला, पैसे सोडताना कळायचं. मी काय केलं? बिल हातात आलं की त्याच दिवशी नंबर जुळवून पाहायचा आणि चुकलेलं बिल तिथूनच परत पाठवायचं, अशी पद्धत बसवली. पुढे काय झालं? महिनाअखेरीचा गोंधळ जवळजवळ थांबला, आणि पुरवठादारांचे तक्रारीचे फोनही. वहीत हे पानभर झालं, सीव्हीत दोन ओळी. पण त्या दोन ओळी माझ्या होत्या.

हे लगेच लिहून काढलं ते बरं झालं, कारण असे तपशील भराभर विसरतात. मुलाखतीच्या तयारीत ज्याला 'स्टार' पद्धत म्हणतात, म्हणजे परिस्थिती, काम, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर देणं, तिचा कच्चा माल याच वहीतून मिळाला.

सीव्हीची मांडणी अगदी साधी ठेवली. एकच रकाना, सगळ्यात अलीकडची नोकरी वर, फोटो नाही, तक्ते नाहीत. कंपन्यांची भरतीची सॉफ्टवेअर मजकूर उपसून घेतात, त्यात दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो. तपासायला सोपी युक्ती म्हणजे पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. तिथे क्रम नीट दिसला की झालं. बाकी 'मशीन तुमचा सीव्ही फेकून देतं' अशी भीती घालून पैसे मागणाऱ्यांच्या नादी मी लागले नाही.

मग माणसं. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की त्या नोकरीची बातमी देणारा माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा. 'वारंवार' म्हणणारे निघाले सुमारे १७ टक्के, 'क्वचित' म्हणणारे २८, उरलेले 'अधूनमधून'वाले. पटण्यासारखं आहे; आपल्या जवळच्यांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. म्हणून मी यादी केली ती जुन्या, दुसऱ्या विभागांतल्या, मधल्या काळात संपर्क तुटलेल्या लोकांची. मेसेज असा : 'नमस्कार सर, आपण ऑडिटच्या वेळी एकत्र काम केलं होतं. माझं पद कपातीत गेलं. तुमच्या कंपनीत बिलांचं काम कसं चालतं हे समजून घ्यायचं आहे, पंधरा मिनिटं बोलता येईल का?' नोकरी मागितलीच नाही. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो, माहिती विचारली की मोकळेपणाने बोलतो. काहींनी उत्तर दिलं नाही, ते धरूनच चालायचं.

लिंक्डइनवर फोटोभोवती हिरवी चौकट, म्हणजे 'मी नोकरी शोधतेय' अशी सगळ्यांना दिसणारी खूण, लावावी की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. मी फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय निवडला आणि विषय संपवला.

सगळ्यात जड गेलं ते 'नोकरी का सोडली?' याचं उत्तर. ताईला समोर बसवून सराव केला. पहिल्यांदा मी कंपनीचा तोटा, नवे साहेब, कुणाला ठेवलं, कुणाला काढलं असं सगळं पुराण लावलं. ताई म्हणाली, "तू अजून तिथेच बसली आहेस गं." मग कापत कापत उत्तर दोन वाक्यांवर आणलं : 'कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझं पद गेलं. तिथे मी बिलांच्या पडताळणीची पद्धत बसवली होती, तसंच काम आता मोठ्या प्रमाणावर करायचं आहे.' आवाज न थरथरता हे म्हणता येईपर्यंत म्हणत राहिले.

त्यानंतरच अर्ज सुरू केले. गंमत म्हणजे नोकरी ओळखीतून लागली नाही, एका कंपनीच्या वेबसाइटवर सरळ केलेल्या अर्जातून लागली. पण त्या मुलाखतीत बिलांच्या कुठल्या दुखण्याबद्दल विचारतील, हे मला त्या ऑडिटवाल्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.