नसलेला खांब

त्या दुपारी आम्ही बोगद्यातला लोखंडी खांब काढला तो केवळ गंजला होता म्हणून. प्रयोग वगैरे काही आमच्या डोक्यात नव्हते. वटवाघळांच्या वस्तीच्या तोंडाशी तीन वर्षे उभा असलेला हा खांब म्हणजे आमच्या मायक्रोफोनचा आधार. तो दुरुस्तीला गेल्यावर मायक्रोफोन तात्पुरता भिंतीला बांधला, अवरक्त कॅमेरा नेहमीच्या जागी लावला आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजणी सुरू केली.

पडद्यावर पाहताना मोजणी चुकू लागली, कारण माझे लक्ष आकड्यांवरून उडाले होते. बोगद्यातून सरळ येणारे प्रत्येक वटवाघूळ एका ठराविक जागी डावीकडे झुकत होते, अर्धवर्तुळ काढत होते आणि पुन्हा मूळ रेषेवर येत होते. तिथे काहीही नव्हते. जमिनीवर फक्त खांबाच्या पायाचे भोक होते.

ही नालनासिक वटवाघळे, म्हणजे ज्यांच्या नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी त्वचेची घडी असते ती. ती तोंड मिटून नाकातून साद घालतात, आणि एकाच वारंवारतेवर ताणलेली ती साद आमच्या डिटेक्टरवर, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज ऐकू येईल असा करणाऱ्या यंत्रावर, थरथरत्या शिट्टीसारखी उमटते. एक मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी त्यांच्या कानाशी सुमारे ६ मिलिसेकंदांत परततो. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात सादा अखंड होत्या. म्हणजे वळसा घालणारा प्राणी गप्प नव्हता. समोर मोकळी हवा असल्याचे त्याला दर क्षणी कळत असणार, तरीही तो खांब चुकवत होता.

प्रतिध्वनीवरून वाट शोधण्याच्या या विषयाचा इतिहास शिकवताना आम्ही बहुधा इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानीपासून सुरुवात करतो. अंध केलेली वटवाघळेही अडथळे चुकवतात हे त्याने १७९३ च्या सुमारास दाखवले, आणि कान बंद केल्यावर मात्र ती आदळतात हे त्याच्याच काळात स्विस वैद्य ज्युरीनने. त्यांच्या श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीचा पुरावा १९३८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन आणि पिअर्स यांच्याकडून मिळाला. ही कथा इतकी सुबक आहे की ग्रिफिनने नोंदवलेली दुसरी गोष्ट मागे पडते: ओळखीच्या जागेत आठवणीवर विसंबून उडणारी वटवाघळे नव्याने ठेवलेल्या अडथळ्यांवर चक्क आदळतात. रडार असूनही १९५६ मध्ये दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालेल्या आंद्रेआ डोरिया जहाजाचे नाव या प्रकाराला पडले आहे. मीही ते वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो, पण आपल्या खांबाचा त्याच्याशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते.

चौथ्या दिवशी खांब परत आला. येथे मी जी चूक केली ती लिहिणे भाग आहे. खांब जुन्या भोकात बसवायचा की नाही, असे माझ्या विद्यार्थिनीने विचारले. वळसा कसा बदलतो ते लगेच दिसेल या अधीरतेने मी तो हातभर डावीकडे, म्हणजे नेमका त्यांच्या वळशाच्या वाटेवर, उभा करायला सांगितला. ‘‘सर, आदळतील,’’ ती म्हणाली. ‘‘साद घालतायत ना, चुकवतील,’’ असे मी म्हणालो. तीन रात्री जे डोळ्यांनी पाहिले होते, त्याच्या अगदी उलट हे बोलणे होते.

पहिली दोन-तीन वटवाघळे खांबाला घासून निसटली. त्यानंतरचे आदळले. कॅमेऱ्याला आवाज नाही, पण लोखंडाचा टणत्कार आम्ही दोघांनीही ऐकला.

चामडी हातमोजा घालून मी त्याला उचलले, तेव्हा ते पंख मिटून निपचित पडले होते. पंखाची हाडे एकेक करून चाचपली. त्वचेच्या पडद्यातून रक्तवाहिन्या दिसत होत्या, फाटलेले काही नव्हते. विद्यार्थिनीने तोवर एक शब्दही न बोलता खांब उपटून बाहेर नेला होता. काही मिनिटांनी त्याचे कान आलटून पालटून पुढे-मागे हलू लागले आणि शेजारच्या डिटेक्टरवर तुटक शिट्टी आली. मग मी त्याला आतल्या भिंतीच्या कपारीशी धरले. त्याने मागच्या पायांनी दगड पकडला, उलटे लटकून अंग डावी-उजवीकडे वळवत बराच वेळ साद घातली आणि हवेत झेप घेतली.

ते सरळ आले. जुन्या भोकापाशी येताच डावीकडे झुकले, नुकतेच जिथे आदळले होते त्याच जागेतून गेले आणि बाहेरच्या अंधारात दिसेनासे झाले.