चंदीगडच्या धर्तीचे टेबल

लाकूडकामाच्या आमच्या व्यवसायात ‘जुन्या नमुन्यासारखे करून द्या’ ही मागणी नेहमीची आहे; परंतु टेबलाचे पाय सरस न लावता जुळवून पाहण्याच्या दिवशीच गिऱ्हाईक कार्यशाळेत येऊन उभे राहावे आणि नमुन्यातला एक भाग गाळण्याचा आग्रह धरावा, असे क्वचितच घडते. त्या गृहस्थांना चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये होते तसे लिहिण्याचे टेबल हवे होते. चंदीगडचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे भाऊबंद आणि स्वतःही वास्तुविशारद असलेले पिएर झानरे 1951 ते 1965 या काळात त्या शहराच्या उभारणीत होते, आणि तेथील कार्यालये, ग्रंथालये व निवासस्थाने यांसाठी त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह जे फर्निचर आखले, त्यातले बरेचसे सागवानी आहे. उघडलेल्या कंपाससारखे खाली फाकत जाणारे पाय ही त्याची ओळख.

आमच्या टेबलाची उंची 75 सेंटीमीटर होती. दोन्ही बाजूंचे पाय वर एकत्र येत, उभ्या रेषेपासून सुमारे 19 अंशांनी कलत आणि खाली निमुळते होत. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक आडवी पट्टी होती, त्यामुळे बाजूने पाहिल्यास इंग्रजी ‘ए’ अक्षर दिसे. गृहस्थांचा आक्षेप या पट्टीलाच होता. “पट्टी नसली तर टेबल अधिक हलके दिसेल, ती काढता येणार नाही का?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या दृष्टीने ती शोभेची होती, आणि छायाचित्रावरूनच फर्निचर पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविकही आहे.

मी वाद घातला नाही. एका बाजूची चौकट पट्टीशिवाय जुळवून फरशीवर उभी केली आणि वरच्या जोडावर दोन्ही हातांनी भार देण्यास त्यांना सांगितले. पाय तत्काळ बाहेर सरकू लागले आणि वरच्या जोडात खोबणीच्या आतल्या काठाशी फट दिसू लागली. सरसाने ती फट लगेच पडली नसती, हे मी त्यांना सांगितले. परंतु टेबलावर रोज कोपर टेकवले जातील, कोणीतरी कधीतरी त्यावर बसेल, आणि प्रत्येक वेळी तोच एक सांधा फाकवला जाईल. मग पट्टी खोबणीत बसवून पुन्हा भार द्यायला लावला, तेव्हा चौकट जागची हलली नाही. कलत्या पायांना फाकण्याची जी ओढ असते, ती ही पट्टी दोरीसारखी आवळून धरते. गृहस्थ बराच वेळ खाली वाकून तो जोड न्याहाळत राहिले आणि पट्टीचा विषय तेथेच संपला.

खरे कष्ट त्यानंतर होते. पट्टीचे कुसू, म्हणजे खोबणीत शिरणारे टोक, सरळ, पण तिचा खांदा, म्हणजे कुसवालगतची पायाला टेकणारी कड, मात्र पायाच्या कलाप्रमाणे तिरका कापावा लागतो, आणि तो केसभर जरी चुकला तरी बाहेरून रेघ दिसते. म्हणून कोन हवा तसा बसवता येणाऱ्या गुण्यावर एकदा बांधून घेऊन चारही खांद्यांवर तोच उतरवला आणि रेघेपर्यंतचे शेवटचे लाकूड पटाशीनेच काढले. सागवानात वाळूसारखे सिलिका असल्याने पात्याची धार लवकर जाते, त्यामुळे दर थोड्या वेळाने धार लावायचा दगड हातात घ्यावा लागत होता. सागवानाच्या तेलकटपणामुळे सरसही नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी लगेच सांध्याच्या बाजू थिनरने पुसून घेतल्या. सरस वाळेपर्यंत जोड दाबून धरणारा शिकंजा तिरक्या पायांवर आवळला की तो घसरतो. पाय निमुळते करताना निघालेले पाचरीसारखे तुकडे मी मुद्दाम जपून ठेवले होते. तेच उलटे लावल्यावर शिकंज्याला समांतर बाजू मिळाल्या.

वरची फळी 60 सेंटीमीटर रुंद होती. अशी फळी ऋतुमानाप्रमाणे रुंदीत काही मिलिमीटर हलते, म्हणून स्क्रूंची भोके लांबट ठेवली. हे सांगण्यासारखे विशेष नाही, पण घाईत हेच राहून जाते आणि मग फळीला चीर पडते.

तेल लावून झाल्यावर गृहस्थांनी आणखी एक इच्छा बोलून दाखवली. चंदीगडच्या मूळ वस्तूंवर खात्याची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असत. एकेकाळी भंगारात गेलेल्या या वस्तू पुढे परदेशातील लिलावांत मोठ्या किमतीला जाऊ लागल्या, तेव्हापासून त्या खुणांनाही मोल आले आहे. तसाच क्रमांक या टेबलावर घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. मी स्पष्ट नकार दिला, कारण आकार घेणे वेगळे आणि सरकारी खूण उमटवणे वेगळे. आज ना उद्या टेबल दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्या खुणेमुळे कोणाचीतरी फसवणूक होईल. त्यांना ते पटले. फळीच्या खालच्या अंगाला आमच्या कार्यशाळेचे नाव आणि वर्ष पटाशीने कोरले, आणि मूळच्या काही टेबलांवर असते तशी चामड्याची गादी बसवायची का, असे विचारल्यावर त्यांनीच नको म्हणून सांगितले.