आजीचे वय आणि ऑनलाइन फॉर्म

आईला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या बीआरसीए जनुकांची, म्हणजे ज्यांत घातक बदल असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो त्या जनुकांची, तपासणी करून घ्यायला सांगितले. या कर्करोगात ही तपासणी बहुतेक सर्वच रुग्णांना सुचवली जाते, कारण पुढची औषधे ठरवताना तिचा उपयोग होतो आणि जनुकात घातक बदल आढळला तर तो प्रत्येक अपत्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी असते. आई कराडला, मी पुण्यात आणि अशा तपासणीबद्दल कुटुंबाला सल्ला देणाऱ्या समुपदेशक मुंबईत, त्यामुळे सगळी प्रक्रिया रुग्णालयाच्या ॲपवरून करायचे ठरले. माहितीची चित्रफीत मराठीत होती, रक्ताचा नमुना घरी येऊन नेला गेला, अहवालही मोबाइलवर आला. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती समुपदेशनाची वेळ मिळण्याआधी भराव्या लागणाऱ्या कौटुंबिक इतिहासाच्या फॉर्मबद्दल, आणि तो प्रकार आठवला की अजूनही डोके तापते.

तीन पिढ्यांमधील प्रत्येक नातेवाइकाला कर्करोग झाला होता का, कोणत्या अवयवाचा आणि निदानाच्या वेळी वय किती होते, हे त्यात भरायचे होते. अवयवासाठी ‘माहीत नाही’ हा पर्याय होता. वयासाठी मात्र केवळ आकडा चालत असे आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. माझी आजी, म्हणजे आईची आई, पाटण तालुक्यातील एका वाडीत ‘छातीत गाठ होऊन’ गेली. थोरल्या मावशीच्या पोटात पाणी झाले होते, एवढेच सर्वांना ठाऊक. आजीची जन्मतारीखच कोणाला माहीत नाही, तिथे निदानाचे वय कोठून आणायचे? मामांना फोन करून विचारपूस करेपर्यंत ॲप आपोआप बंद होई, पुन्हा उघडायचे तर ओटीपी आईच्या मोबाइलवर जाई, आणि केमोथेरपीने थकून झोपलेल्या आईला त्या सहा आकड्यांसाठी उठवणे माझ्या जिवावर येई. मदत कक्षातील मुलगा अत्यंत सौजन्याने म्हणाला, “मॅडम, अंदाजे काहीही टाका, फॉर्म पुढे जाईल.” पण हा आकडा शोभेसाठी विचारलेला नसतो. स्तनाचा कर्करोग चाळिशीत झाला की साठीनंतर, यावर तो आनुवंशिक असण्याचा संशय किती बळावतो हे अवलंबून असते, आणि संगणकाला एकदा ६५ सांगितले की तो ६५ धरूनच गणित करतो. मी आकडा टाकण्यास नकार दिला, फॉर्म अर्धवट राहिला आणि भेटीची वेळ काही मिळेना. शेवटी संपूर्ण वंशवृक्ष कागदावर काढून त्याचा फोटो ईमेलने पाठवला, तेव्हा कोठे समुपदेशक बाईंचा फोन आला.

जे ॲपला जमले नाही ते त्यांनी चहा थंड व्हायच्या आत उरकले. “आजी कोयनेच्या भूकंपाच्या वेळी होत्या का?” असे त्यांनी आईला विचारले. होती, घराची भिंत पडली तेव्हा तिनेच धाकट्याला बाहेर काढले होते. “आणि बहात्तरच्या दुष्काळात?” तेव्हा नव्हती. थोरल्या मामांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९४९ आहे आणि ते पहिले अपत्य, म्हणजे तेव्हा आजी अठरा-वीस वर्षांची असावी. भूकंप डिसेंबर १९६७ चा. आजाराच्या वेळी तिचे वय चाळीसच्या आसपास होते, हे असे निघाले. त्यांच्या पडद्यावरील वंशवृक्षात ‘अंदाजे’ अशी नोंद करता येत होती! ती सोय रुग्णाच्या फॉर्ममध्ये का नसावी, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

अहवालात आईच्या बीआरसीए-१ जनुकात घातक बदल आढळला. त्यावरून एक सूचना आठवली: कुटुंबात शक्यतो ज्याला कर्करोग झाला आहे त्याचीच तपासणी आधी करावी. नेमका बदल कळला की इतरांची तपासणी जनुकातील फक्त त्याच जागी करावी लागते, खर्च बराच कमी होतो आणि उत्तरही स्पष्ट मिळते. फॉर्म उघडण्यापूर्वी बायोप्सीचे जुने अहवाल, मृत्यूचे दाखले आणि थोरल्यांचे फोन नंबर हाताशी ठेवावेत, आणि नोंदणीसाठी स्वतःचा मोबाइल नंबर देता येतो का, हे आधीच विचारावे. अहवाल ॲपवर दिसला तरी तो समुपदेशकासोबतच वाचावा, कारण ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ (म्हणजे तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही) असा शेरा असेल तर तो दोष सापडल्याचा पुरावा नसतो. केवळ त्याच्या आधारे अंडाशय काढण्यासारखा निर्णय घेत नाहीत.

हे बायकांचे दुखणे आहे असे म्हणून माझा भाऊ तपासणी टाळत होता. बदल पुरुषाकडूनही मुलींकडे जातो, हे समुपदेशक बाईंनी त्याला व्हिडिओ कॉलवर समजावले आणि त्याने रक्त दिले. मावसबहिणींसाठी रुग्णालयाने पत्र दिले आहे. ते मी व्हॉट्सॲपवर पाठवले आणि सोबत कागदावरच्या वंशवृक्षाचा फोटोही जोडला.